मुकीं अक्षरें

इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलांसाठीं जीं शब्दसंग्रहाचीं पुस्तकें मिळतात, त्यांत एकाच अक्षरगटाचे शब्द एका पानावर देण्याचा प्रघात आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, आणि पानाच्या शिरोभागीं तीं सामाईक अक्षरें. अशाच एका पुस्तकांतील ओ-यू-जी-एच या चार अक्षरांचें पान सध्यां आमच्यासमोर आहे. त्यांत 'दो' आहे, म्हणजे जरी. 'थ्रू' आहे, म्हणजे आरपार. 'टफ' म्हणजे चिवट. 'कॉफ' म्हणजे खोकला. 'बाउ' म्हणजे झाडाची थोर फांदी. 'थॉट' म्हणजे विचार. आणि 'थरो' म्हणजे सांगोपांग. चार अक्षरें तींच. पण कोठें त्यांचा ओ होतो, कोठें ऊ, कोठें आउ, कोठें ऑ, आणि दोन ठिकाणीं तर शेवटीं चक्क फ उमटतो. शेवटच्या शब्दांत इंग्रज मनुष्य त्यांचा इतका अस्फुट अ करतो कीं, तो ऐकावयास कान टवकारावे लागतात. या साऱ्या गोंधळाच्या खालीं पुस्तककर्त्याची एका ओळीची सूचना आहे: हे शब्द पाठ करावे.

पाठ करण्यास आमची हरकत नाहीं. पाढे, रूपावली आणि अमरकोश ज्या घरांतून पाठ होत आले, त्या घरांतील माणसानें पाठांतराची निंदा करणें शोभत नाहीं. परंतु रूपावली घोकणाऱ्या मुलास 'रामेण' मध्यें ण कां आणि 'देवेन' मध्यें न कां, हें पुढें कधीं तरी कोणी तरी सांगत असे. या इंग्रजी पानांच्या नशिबीं तें 'पुढें' सहसा येतच नाहीं.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या यंदां सहावींत आहे. वर्गांत 'नेबर' म्हणजे शेजारी हा शब्द आला, तेव्हां तिनें विचारलें कीं, यांतील जी आणि एच हीं अक्षरें बोलावयाचीं नाहींत, तर लिहावयाचीं कशाला? शिक्षिकाबाईंनीं उत्तरादाखल तो शब्द पन्नास वेळां लिहून आणावयास सांगितला. तिनें तो लिहून नेला. स्पेलिंग पक्कें झालें, हेंहि कबूल केलें पाहिजे. पण पुढल्या आठवड्यांत 'डॉटर' म्हणजे कन्या हा शब्द आला, त्यांतहि तीच जोडी मुक्यानें बसलेली होती, आणि या वेळीं तिनें कांहींच विचारलें नाहीं. पन्नास ओळींचें आम्हांस विशेष वाटलें नाहीं; या न विचारण्याचें मात्र वाटलें. साठ मुलांच्या वर्गांत प्रत्येक 'कां' ला उत्तर देत बसणें शिक्षकांस जमत नसेल. ज्या घरांत काका, आत्या, आजी-आजोबा अशीं पांच-सात मोठीं माणसें संध्याकाळीं रिकामीं बसतात, तेथें तरी तें जमावें. मुलीचा प्रश्न बरोबर होता, आणि त्याला उत्तर आहे.

उत्तर असें कीं, तीं अक्षरें एके काळीं बोललीं जात होतीं. हजार वर्षांपूर्वींचा इंग्रज रात्रीला 'निख्त' म्हणे, आठाला 'अख्त' च्या जवळपासचें कांहीं तरी म्हणे, आणि कन्येला 'दोख्तोर' म्हणे. यांतील ख आपला स्पर्श करून सुटणारा ख नव्हे. तो घशांत घासला जाणारा ध्वनि आहे. एखादे बुजुर्ग खांसाहेब 'खयाल' हा शब्द जसा उच्चारतात, तो ज्यानें कान देऊन ऐकला असेल त्याला हा ध्वनि ओळखूं येईल. जर्मन मनुष्य आजहि रात्रीला 'नाख्त' आणि आठाला 'आख्त' म्हणतो. जुने इंग्रज हा ध्वनि एकट्या एचनें लिहीत. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर लेखनकर्म फ्रेंच वळणाच्या लेखकांच्या हातीं गेलें, आणि पुढील शतकांत या घशांतल्या ध्वनीसाठीं जी आणि एच अशी जोडी रूढ झाली. १४७६ मध्यें विल्यम कॅक्स्टन यांनीं वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला. छापखान्यामुळें अक्षरांचीं वळणें हळूहळू कायम होत गेलीं. जिभा मात्र कोणाचें ऐकत नाहींत, त्या आपल्या वाटेनें गेल्या. पंधराव्या ते सतराव्या शतकांच्या दरम्यान दक्षिण इंग्लंडांतून तो घसारा नाहींसा झाला. 'नाइट', 'डॉटर' यांत तो विरून गेला. 'लाफ' म्हणजे हसणें, 'रफ' म्हणजे खरबरीत, 'इनफ' म्हणजे पुरेसें, यांत तो घशांतून ओठांवर आला आणि फ झाला. स्कॉटलंडांत तो पुष्कळ ठिकाणीं टिकला. तेथील खेडुताच्या तोंडीं रात्र 'निख्त' आहे, आणि सरोवराला 'लॉख' म्हणतांना तर सारा स्कॉटलंड तो ध्वनि काढतो.

आता तो 'नेबर'. 'नाय' म्हणजे जवळ, आणि मागचा तुकडा म्हणजे वस्ती करून राहणारा कुळंबी. जवळ राहणारा तो शेजारी, इतका सरळ शब्द आहे. 'नाय' या शब्दांतहि शेवटीं जी-एच आहे. नेबरमधून ती जोडी उडविली, तर त्याचें 'नाय' शीं असलेलें नातें कागदावरून पुसलें जाईल. हें सांगावयास पांच मिनिटें लागलीं, आणि पन्नास ओळींचें काम त्यांत झालें.

पुतणीला एवढें सांगितल्यावर घरांतील बाकीचीं मुलेंहि जवळ सरकलीं, आणि शंभर पानांची एक वही त्या कामीं लागली. वहींत आम्हीं प्रथम 'नाइट' म्हणजे रात्र हा शब्द घेतला. १७८६ मध्यें सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच मूळ भाषेच्या शाखा असाव्यात असें प्रतिपादन केलें, तेव्हांपासून विद्वानांनीं जें नातें शोधून काढलें आहे, त्या नात्यानें 'नाइट' ची सख्खी चुलत बहीण संस्कृतांत 'नक्त' ही आहे. नक्त म्हणतांच स्वयंपाकघराच्या दारांत बसलेल्या आमच्या मातोश्री म्हणाल्या, "म्हणजे श्रावणी सोमवारचं आमचं नक्त तेंच कीं काय?" तेंच. दिवसभर उपवास करून रात्रीं जेवावयाचें, म्हणून तें नक्त. संस्कृतांत जेथें क् राहिला, तेथें जर्मन-इंग्रजी घराण्यांत घसरणारा ख झाला, आणि इंग्रजींत शेवटीं जी-एच उरलें. 'राइट' म्हणजे सरळ, योग्य. त्याचा संस्कृत आप्त ऋजु. 'लाइट' म्हणजे प्रकाश. त्याचा आप्त रुच् हा धातु. रुच् म्हणजे मूळांत प्रकाशणें. जें चमकतें तें मनाला आवडतें, आणि आवडतें तें जिभेला रुचतें. अशा रीतीनें इंग्रजाचा दिवा आपल्या आमटींत उतरला आहे.

याहून गंमत पुढें आहे. कांहीं शब्दांत जेथें इंग्रजीचें जी-एच मुकें बसलें आहे, नेमका त्याच जागीं संस्कृतांत ह बोलतो. 'बाउ' म्हणजे फांदी हा शब्द आणि आपला बाहु हे एकाच मूळचे. झाडाचा हात ती फांदी. आपल्या सदऱ्याची बाही त्याच घरची. 'वे' म्हणजे वजन करणें याचा जुना अर्थ वाहून नेणें असा होता, आणि तो वह् धातूचा भाऊ. 'डो' म्हणजे मळलेली कणीक. तिचा आप्त कोण, हें मुलांना ओळखावयास सांगितलें, तेव्हां पोळी, पीठ, डाळ अशीं सारीं नांवें येऊन गेलीं. आप्त आहे देह. मूळ धातूचा अर्थ मळून आकार देणें. मातीला वा पिठाला आकार दिला तर जें होतें तें एकीकडे कणीक, दुसरीकडे शरीर. या 'डो' च्याच कुळांतील एक शब्द 'लेडी' या नांवांत दडला आहे. जुन्या इंग्रजींत तिचा अर्थ पावाची कणीक मळणारी, आणि 'लॉर्ड' म्हणजे पावाचा राखणदार. ही व्युत्पत्ति सांगितली त्या रात्रीं आमच्या घरांतील तीन लेड्यांनीं आपापल्या लॉर्डांना जें सुनावलें, तें येथें देण्याचें कारण नाहीं.

आणि तो 'डॉटर'. त्याच्या जी-एचच्या जागीं संस्कृत दुहितृ शब्दांतला ह आहे. फारसींत कन्येला 'दुख्तर' म्हणतात, तेथें तो घशांतला ध्वनि आजहि कानीं पडतो. गोव्याकडील कोंकणींत लेकीला 'धूव' म्हणतात, तीहि दुहितृचीच लेक. मराठीनें मात्र हा शब्द सोडून दिला. यास्कांनीं निरुक्तांत दुहितेच्या ज्या व्युत्पत्ति दिल्या आहेत, त्यांत जिचें हित साधणें कठीण ती, आणि जी दूर असण्यांतच हित ती, अशाहि आहेत. गाई दोहण्याशीं संबंध जोडणारी तिसरी आहे. तिसरीच्या आधारें गेल्या शतकापूर्वींच्या युरोपीय पंडितांनीं आर्यांच्या घरांतील धारा काढणाऱ्या कन्येचें मोठें रमणीय चित्र रंगविलें होतें. आजचे भाषाशास्त्रज्ञ तें सहसा मान्य करीत नाहींत. त्यांच्या मतें हा शब्द इतका जुना आहे कीं, तो कन्या या अर्थाखेरीज दुसरें कांहीं सांगत नाहीं. पुतणीनें यास्कांच्या पहिल्या दोन व्युत्पत्ति ऐकून नाक मुरडलें. वेदांगाचा आदर राखूनहि आम्ही तिच्या पक्षाचे आहों.

येथें एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. इंग्रजी शब्द दिसला कीं त्याला संस्कृत आईबाप शोधून द्यावयाचे, हा छंद आपल्या समाजांत फार. नुसतें ध्वनिसाम्य म्हणजे नातें नव्हे. क् च्या जागीं ख, ह च्या जागीं जी-एच अशी जेथें नियमानें जुळणी दिसते, आणि जर्मन, लॅटिन इत्यादि भाषा साक्ष देतात, तेथेंच नातें मानावें. 'कॉफ' म्हणजे खोकला हा शब्द आवाजाच्या अनुकरणानें झाला आहे, आणि आपल्या खोकल्याशीं तो जुळतो तो दोघांचाहि घसा सारखाच म्हणून.

कांहीं शब्दांनीं तर ही जोडी उसनी घेतली आहे. 'डिलाइट' म्हणजे आनंद हा फ्रेंचांतून आलेला शब्द. त्यांत जी-एच कधींहि बोललें गेलें नाहीं. सोळाव्या शतकांत 'लाइट' च्या देखादेखीं लोक तें लिहूं लागले. 'हिकप' म्हणजे उचकी. तिच्या शेवटीं खोकल्याचीं अक्षरें कोणी तरी चिकटविलीं, आणि तें स्पेलिंग अजून कोशांत आढळतें. 'गोस्ट' म्हणजे भूत, त्यांत प्रारंभींच जी-एच आहे. कॅक्स्टन हे फ्लेमिश मुलखांत तीसेक वर्षें राहिलेले; तेथील वळणाचा हा एच त्यांच्या छापखान्यांतून इंग्रजी भुताच्या अंगांत शिरला असें मानतात. आपल्याकडून गेलेलें 'घी' मात्र इंग्रजींत जी-एचनें लिहिलें जातें तें सकारण, कारण तेथें घ आहेच. घाटाचेंहि तसेंच. परंतु 'गॅरी' या नांवानें आपली गाडी जेव्हां इंग्रजींत गेली, तेव्हां साहेबानें तिलाहि एक एच जोडला. गाडींत घ कोठून आला, तें साहेबच जाणे.

अर्थ पालटण्याच्या कथा आणखी निराळ्या. 'नाइट' असाच उच्चार असलेला दुसरा शब्द आहे, त्याच्या मागें जी-एच आणि पुढें मुका के. त्याचा अर्थ सरदार, शूर योद्धा. जुन्या इंग्रजींत तो होता पोरगा, चाकर. जर्मनांत त्याचा भाऊ अजून चाकरच राहिला आहे. राजाचा चाकर म्हणतां म्हणतां इंग्रजींत तो घोड्यावर बसला. 'नॉटी' म्हणजे खोडकर, हा शब्द 'नॉट' म्हणजे शून्य, कांहीं नाहीं, यापासून निघाला. ज्याच्याजवळ कांहीं नाहीं तो आधीं दरिद्री, मग वाईट, आणि शेवटीं केवळ वात्रट. नाटककाराला इंग्रजींत 'प्लेराइट' म्हणतात. त्यांतील 'राइट' लिहिण्याचा नव्हे, त्यांत जी-एच आहे आणि त्याचा अर्थ गाडे, चाकें इत्यादि घडविणारा कारागीर. नाटक लिहावयाचें नसून रचावयाचें असतें, अशी ही जाण. आपल्याकडेहि रंगभूमीवरचा सूत्रधार आणि रंधा धरणारा सुतार हा एकच शब्द आहे.

अशीं मुकीं अक्षरें काढून टाकावीं असें इंग्रजी बोलणाऱ्यांनाहि वाटलें नाहीं असें नाहीं. अमेरिकेंत नोआ वेब्स्टर यांच्या १८२८ च्या कोशानें नांगराच्या शब्दांतलें जी-एच काढलें, आणि तें अमेरिकेंत टिकलें. १९०६ मध्यें अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशावर स्पेलिंग सुधारणेचें एक मंडळ निघालें. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं त्याच साली सरकारी छापखान्यास तीनशें सुधारलेले शब्द वापरण्याची आज्ञा केली. 'दो' आणि 'थ्रू' हे त्यांत होते. वर्तमानपत्रांनीं टर उडविली, काँग्रेसनें विरोध केला, आणि वर्ष संपण्यापूर्वीं अध्यक्षांना माघार घ्यावी लागली. शिकागो ट्रिब्यून या पत्रानें १९३४ पासून असाच प्रयोग नेटानें चालविला आणि १९७५ मध्यें तोहि सोडला. इतका खर्च, इतका अधिकार, तरी बहुतेक जी-एच जागचें हललें नाहीं.

मराठींत तें हललें. आपल्या लिपींतहि एक मुकें चिन्ह होतें: डोक्यावरचा अनुच्चारित अनुस्वार. 'पांच' वरचा बिंदु हा पञ्च मधल्या ञ् चा वारस; 'गांव' वरचा ग्राम मधल्या म् चा, 'नांव' वरचा नाम मधल्या म् चा. देशावरच्या जिभेवरून तो नासिक्य ध्वनि उतरला तरी लेखणीनें तो धरून ठेवला होता. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनीं असे बिंदु काढून टाकले, आणि नांव व नाव, म्हणजे मनुष्याचें नाम आणि नदींतली होडी, कागदावर एक झालीं. आम्ही स्वतः जुन्या वळणाचे, तें वाचकांस हा लेख वाचतांना दिसतच असेल. तथापि ते नियम वाईट होते असें आम्ही म्हणणार नाहीं. लाखों मुलांचे श्रम त्यांनीं वांचविले, आणि ज्या भाषेचा लिहिण्या-बोलण्यांतला मेळ इंग्रजीहून किती तरी बरा होता, तिचा तो आणखी बरा केला. खटकतें तें वेगळें.

आमच्या मातोश्री रत्नागिरीकडच्या. १९६२ पूर्वींच त्यांची शाळा संपली, आणि आजहि त्या पत्रें जुन्या वळणानेंच लिहितात. गेल्या उन्हाळ्यांत त्यांनीं आपल्या बहिणीस लिहिलेलें पत्र, टपालांत टाकण्यापूर्वीं, आमच्या मोठ्या पुतण्याच्या हातीं पडलें. त्यानें तांबडी पेन्सिल घेऊन त्यांतील सत्तावीस अनुस्वारांभोंवतीं वर्तुळें काढलीं आणि खालीं 'सत्तावीस चुका' असें लिहून, थट्टेनेंच, तें त्यांना परत दिलें. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. पण तें पत्र त्यांनीं फाडलें, आणि नंतर दोन महिने त्यांनीं बहिणीस पत्र लिहिलें नाहीं. दूरध्वनीवरच बोलत राहिल्या. हाच मुलगा 'नेबर' मधलें एक अक्षर गळलें तर स्वतःला अडाणी समजतो.

म्हणून वहीच्या मधल्या पानावर आम्हीं एके रविवारीं इंग्रजी थांबवून पांच, गांव, नांव हे शब्द लिहिले आणि मातोश्रींना ते मोठ्यानें म्हणावयास सांगितलें. त्या आमच्याशीं देशावरची भाषा बोलतात. पण बहिणीशीं बोलतांना माहेरची चित्पावनी सुटते, आणि तींत हे अनुनासिक अजून नाकांतून स्पष्ट वाजतें. 'त्या बोलींत म्हण,' असें सांगतांच प्रथम त्या लाजल्या, मग म्हणाल्या. मुलांनीं ते बिंदु कानांनीं ऐकले. रूझवेल्टांना नमविणाऱ्या इंग्रजाचा निख्त ऐकावयास स्कॉटलंडास जावें लागतें. आपल्याला ओसरीपर्यंतहि जावें लागलें नाहीं. पुतण्यानें ते तीन शब्द आजीकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले आणि आपल्या दूरध्वनियंत्रावर ध्वनिमुद्रित करून ठेवले. तांबड्या पेन्सिलीचा विषय त्यानेंहि काढला नाहीं, आणि मातोश्रींनींहि नाहीं.

वहींत जी-एचचे आतां एक्केचाळीस शब्द झाले आहेत. 'डिलाइट', 'हिकप' आणि 'गोस्ट' यांना पुतणीनें शेवटचें एक वेगळें पान दिलें असून त्यावर 'तोतये' असें नांव घातलें आहे. तिच्या हट्टावरून पुढल्या रविवारीं के-एनचे शब्द घ्यावयाचे ठरलें. पहिला 'नी' म्हणजे गुडघा, संस्कृत जानु. दुसरा 'नो' म्हणजे जाणणें, संस्कृत ज्ञा. या दोन्ही शब्दांतला के इंग्रज पूर्वीं उच्चारीत असे, हें तिनें आम्हीं सांगण्याआधींच ओळखलें. सोमवारीं शाळेंत बाईंना तें विचारूं कीं सांगूं, असें ती आपल्या आजीशीं खलबत करीत होती.